डेटा मॅपिंग म्हणजे काय? नावाच्या रकान्यापासून सबसिडीच्या पैशांपर्यंत सगळं ठरवणारी जोडणी

११ मार्च २०२४ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. क्रमही ठरला: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.

ही बातमी तेव्हा सगळीकडे फिरली. पण तिची एक बाजू फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. या बाळाची नोंद जन्मदाखल्यावर थांबणार नाही. ती पुढे शाळेत जाणार, बोर्डात जाणार, बँकेत, पॅनमध्ये, पासपोर्टमध्ये जाणार. आणि बऱ्याच जुन्या सिस्टीममध्ये नावासाठी तीनच रकाने आहेत: नाव, मधलं नाव, आडनाव. पासपोर्टमध्ये तर दोनच, दिलेलं नाव आणि आडनाव. आधारमध्ये अख्खं नाव एकाच ओळीत.

मग चार भागांचं नाव तीन रकान्यांत कसं बसवायचं? आईचं नाव बाळाच्या नावाला जोडायचं, की मधल्या नावात वडिलांच्या आधी टाकायचं? एका कार्यालयाने पहिलं केलं, दुसऱ्याने दुसरं केलं, तर अठरा वर्षांनी त्याच मुलाला बँकेत उत्तर मिळेल, "नाव जुळत नाही."

कुठल्या रकान्यातली माहिती कुठल्या रकान्यात आणि कुठल्या नियमाने जाणार, हे ठरवण्याच्या कामाला डेटा मॅपिंग म्हणतात. कॉम्प्युटरच्या जगातलं हे काम बाहेरून अजिबात दिसत नाही. पण ते चुकलं की पैसे भलत्याच खात्यात जातात आणि कधी कधी यानही कोसळतं. हे काम नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊ.

मॅपिंगमध्ये नेमकं काय असतं?

कुठल्याही मॅपिंगमध्ये तीन गोष्टी असतात.

- स्रोत: माहिती जिथून येते तो रकाना. उदाहरणार्थ, शाळेच्या रजिस्टरमधलं 'विद्यार्थ्याचं नाव'.
- लक्ष्य: माहिती जिथे जाणार तो रकाना. उदाहरणार्थ, बोर्डाच्या अर्जातलं 'नाव', 'मधलं नाव', 'आडनाव'.
- नियम: जाताना माहितीचं काय करायचं. तशीच उचलायची, तोडायची, जोडायची की बदलायची.

ऐकायला सोपं वाटतं. खरी अडचण नियमात असते. आपल्याकडच्या 'मधलं नाव' या रकान्याचंच बघा. अविवाहित मुलीच्या बाबतीत तिथे वडिलांचं नाव असतं. लग्नानंतर बऱ्याच जणी तिथे नवऱ्याचं नाव लावतात. म्हणजे रकाना एक, पण अर्थ दोन. आता ही माहिती अशा सिस्टीममध्ये न्यायची आहे जिथे 'वडिलांचं नाव' आणि 'पतीचं नाव' असे वेगळे रकाने आहेत. 'मधलं नाव' कुठे टाकणार? ते नुसतं नावाकडे बघून ठरवता येत नाही, त्यासाठी आणखी एक माहिती लागते: हे नाव नात्याने कुणाचं?

म्हणून या क्षेत्रातली माणसं एक गोष्ट कायम सांगतात. मॅपिंग रकान्यांच्या नावांचं करायचं नसतं, अर्थाचं करायचं असतं.

मग 'डेटा मॉडेल' कशाला म्हणतात?

घर बांधायच्या आधी आपण प्लॅन काढतो. तसा माहितीचा प्लॅन म्हणजे डेटा मॉडेल. कुठल्या गोष्टींची नोंद ठेवायची, प्रत्येकीबद्दल काय काय लिहायचं आणि त्यांची एकमेकींशी नाती कोणती, हे त्यात मांडलेलं असतं. या पद्धतीला नीट आकार दिला पीटर चेन या संशोधकाने. त्यांचा 'एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल'वरचा शोधनिबंध १९७६ साली आला. आजही कॉम्प्युटर शिकणाऱ्या प्रत्येकाला चौकोन आणि रेषांच्या त्या आकृत्या काढाव्या लागतात.

मोठ्या संस्थेत हा प्लॅन साधारण तीन पातळ्यांवर असतो.

- संकल्पनेची पातळी: इथे व्यवहाराची भाषा असते. 'ग्राहक', 'खातं', 'शाखा', 'कर्ज'. मॅनेजरलाही कळेल अशी.
- तर्काची पातळी: इथे प्रत्येक गोष्टीचे तपशील येतात. ग्राहकाला नाव, जन्मतारीख, पत्ता. एका ग्राहकाची अनेक खाती असू शकतात, वगैरे.
- प्रत्यक्ष पातळी: इथे डेटाबेसमधली खरी टेबलं आणि कॉलम असतात. त्यांची नावं बहुतेक वेळा अशी तुटक असतात की ती बनवणाऱ्यालाच कळावीत.

म्हणजे मॅपिंग दोन दिशांनी करावं लागतं. एक वरून खाली: मॅनेजर ज्याला 'ग्राहक' म्हणतो तो डेटाबेसमधल्या कुठल्या टेबलात आहे? दुसरं आडवं: या सिस्टीममधला 'ग्राहक' त्या सिस्टीममध्ये कुठे आहे?

हे सगळं सांभाळायला खास सॉफ्टवेअर असतात. एसएपीचं पॉवरडिझायनर, अर्विन डेटा मॉडेलर, ईआर/स्टुडिओ, ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर ही त्यातली माहितीतली नावं. पॉवरडिझायनरमध्ये यासाठी 'मॅपिंग एडिटर' आहे. एका बाजूला स्रोत दिसतो, दुसऱ्या बाजूला लक्ष्य, आणि एकावरून दुसऱ्यावर ओढलं की जोडणी तयार होते. ईआर/स्टुडिओमध्ये वेगवेगळ्या मॉडेलमधल्या सारख्या गोष्टी बांधून ठेवायला 'युनिव्हर्सल मॅपिंग' नावाची सोय आहे.

जोडणीचे प्रकार किती?

रोजच्या कामात साधारण हे प्रकार येतात.

- एकास एक: 'मोबाईल नंबर' सरळ 'मोबाईल नंबर'मध्ये. सगळ्यात सोपा.
- एकाचे अनेक: अख्खं नाव तोडून तीन रकान्यांत. इथे घोळ होतो, कारण कुठे तोडायचं हे मशीनला कळत नाही. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी. कुणाच्या आडनावातच दोन शब्द असतात.
- अनेकांचा एक: घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा जोडून एकच 'पत्ता'. जोडणं सोपं, पण एकदा जोडलं की पुन्हा वेगळं करणं अवघड.
- कोडला कोड: एका सिस्टीममध्ये लिंग १ आणि २ असं लिहिलंय, दुसरीत अक्षरांनी. तेव्हा कुठल्या आकड्याचा अर्थ काय, याची यादी लागते. यादीत नसलेला तिसरा कोड आला तर काय करायचं, हेही ठरवावं लागतं.
- एकक किंवा मांडणी बदलणं: रुपयांचे लाख, किलोचे क्विंटल. तारखेचंही तसंच. ३/४/२०२० म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकेतल्या सिस्टीमसाठी ४ मार्च.
- जोडणीच नाही: स्रोतात आहे, पण लक्ष्यात जागाच नाही. हा प्रकार सगळ्यात धोकादायक, कारण इथे चूक झाल्याचा कुठलाही मेसेज येत नाही. माहिती गुपचूप गळून जाते. नव्या नियमातलं आईचं नाव इथेच अडकू शकतं.

बँका एकत्र झाल्या तेव्हा काय झालं?

मॅपिंगचं सगळ्यांनी अनुभवलेलं उदाहरण म्हणजे सरकारी बँकांचं विलीनीकरण. १ एप्रिल २०२० ला १० सरकारी बँकांच्या ४ बँका झाल्या. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनलमध्ये गेल्या. सिंडिकेट बँक कॅनरामध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत.

पाट्या बदलायला वेळ लागला नाही. खरं काम होतं ते कोडचं. आयएफएससी कोडमध्ये ११ अक्षरं-अंक असतात. पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि शेवटची ६ शाखेची. बँकच बदलली म्हणजे पहिली ४ अक्षरं बदलणार, एवढं सरळ आहे. पण समजा दोन्ही बँकांत १२३४ क्रमांकाची शाखा असेल तर? नुसती पहिली अक्षरं बदलली, तर दोन वेगळ्या गावांतल्या शाखांना एकच कोड मिळेल आणि सोलापूरचे पैसे मंगळुरूला जातील.

कॅनरा बँकेने यावर साधा नियम काढला. सिंडिकेटच्या कोडची पहिली ४ अक्षरं कॅनराची करायची आणि पुढच्या आकड्यात १०,००० मिळवायचे. म्हणजे सिंडिकेटची १२३४ क्रमांकाची शाखा कॅनरात ११२३४ झाली. टक्कर टळली आणि ग्राहकालाही आपला नवा कोड घरबसल्या काढता आला. मॅपिंगचा नियम कसा असावा, याचं हे चांगलं उदाहरण आहे. एका वाक्यात सांगता येतो, सगळ्या शाखांना लागू होतो आणि उलटही फिरवता येतो.

तरीही जुने कोड एका रात्रीत बंद करता आले नाहीत. पंजाब नॅशनलमध्ये आलेल्या दोन्ही बँकांचे जुने कोड ३१ मार्च २०२१ पर्यंत चालले, सिंडिकेटचे १ जुलै २०२१ पासून बंद झाले. मधल्या काळात जुन्या कोडवर आलेले पैसे नव्या जागी पोचवण्यासाठी जुना-नवा अशी जोडणी सांभाळावी लागली. कारण बँकेने आपल्याकडे कोड बदलला, तरी तुमच्या ऑफिसच्या पगाराच्या यादीत, म्युच्युअल फंडात आणि विमा कंपनीकडे जुनाच कोड लिहिलेला होता. मॅपिंगची एक बाजू बदलली की दुसऱ्या बाजूच्या सगळ्यांना कळवावं लागतं, ते यासाठी.

अर्जात एक बँक, पैसे दुसऱ्याच बँकेत. असं का होतं?

हा प्रश्न महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या वेळी घरोघरी विचारला गेला. महिन्याचे १,५०० रुपये मंजूर झाल्याचा मेसेज आला, पण अर्जात लिहिलेल्या खात्यात पैसे दिसेनात. मग कळलं की ते कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात गेलेत.

याचं उत्तरही एका मॅपिंगमध्ये आहे, आणि त्याचं नावच 'मॅपर' आहे. सरकारी योजनांचे आधारवरून येणारे पैसे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या 'आधार पेमेंट ब्रिज'मधून जातात. या संस्थेकडे एक मोठी यादी आहे. तिच्यात एका बाजूला आधार क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला बँकेचा ओळख क्रमांक असतो. नीट लक्षात घ्या, तिथे तुमचा खाते क्रमांक नसतोच. पैसे आधी त्या बँकेकडे जातात आणि मग ती बँक आपल्याकडच्या नोंदीत बघते की हा आधार कुठल्या खात्याला जोडलाय. म्हणजे दोन टप्प्यांचं मॅपिंग आहे: आधारवरून बँक, बँकेत गेल्यावर खातं.

या यादीत एका आधारसमोर एका वेळी एकच बँक राहते. सगळ्यात शेवटी ज्या बँकेने तुमच्या संमतीने नोंद केली, ती आधीच्या बँकेची जागा घेते. त्यामुळे चार बँकांत आधारची झेरॉक्स दिलेली असली, तरी योजनेचे पैसे एकाच ठिकाणी जाणार. बँकेत 'आधार लिंक आहे' म्हणजे केवायसी झालंय. पैसे तिथेच येतील याची ती खात्री नाही. त्यासाठी मॅपरमध्ये त्या बँकेची नोंद, म्हणजे 'सीडिंग', असावं लागतं.

संमतीचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हे २०१७ साली देशाने पाहिलं. एअरटेल पेमेंट्स बँकेने मोबाईल ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय उघडल्याचं प्रकरण गाजलं. खातं उघडलं, मॅपरमधली नोंद बदलली आणि लोकांची गॅस सबसिडी तिकडे जमा व्हायला लागली. अनेकांना असं काही खातं आहे हेच माहीत नव्हतं. ही रक्कम सुमारे १९० कोटी रुपयांची होती आणि ती पुढे परत करावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसीची परवानगी थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला.

इथे सिस्टीम बंद पडली नव्हती. तिने यादीत जे लिहिलं होतं तेच केलं. फक्त ती ओळ माणसाला न विचारता बदलली गेली होती.

आकडा बरोबर, रकाना बरोबर, तरी यान गेलं

नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' ११ डिसेंबर १९९८ ला निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचताच नाहीसं झालं. चौकशीत कारण सापडलं ते असं. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचा आकडा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जात होता. देणारं सॉफ्टवेअर तो 'पाउंड-सेकंद'मध्ये देत होतं, घेणारं तो 'न्यूटन-सेकंद' समजत होतं. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं ठरलेलं यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं.

आकडा योग्य फाइलमधून योग्य जागी गेला होता. एककाचा नियम तेवढा पाळला गेला नव्हता. 'दोन्ही बाजूंना आकडाच आहे, जुळलं' एवढं पुरेसं नसतं, ते यामुळे.

मॅपिंग सांभाळायचं कसं?

मॅपिंग एकदा बनवून विसरण्याची गोष्ट नाही. सिस्टीम बदलतात, नियम बदलतात, माणसं नोकरी सोडतात. दोन वर्षांनी कुणी विचारलं की हा रकाना असा का भरलाय, तर उत्तर देणारं कुणी नसतं. म्हणून चांगल्या संस्था काही गोष्टी पाळतात.

१. प्रत्येक जोडणीसोबत कारण लिहितात. स्रोत, लक्ष्य आणि नियम यांच्या जोडीला कुणी ठरवलं, कधी ठरवलं आणि का ठरवलं हेही. 'का' हाच भाग बहुतेक जण सोडतात आणि नंतर तोच सगळ्यात जास्त लागतो.

२. शब्दांचे अर्थ आधी पक्के करतात. 'ग्राहक' म्हणजे खातं उघडलेला, की नुसती चौकशी केलेलाही? विक्री विभाग आणि हिशेब विभाग याचं वेगळं उत्तर देत असतील, तर कुठलंही सॉफ्टवेअर त्यांचे आकडे जुळवून देणार नाही.

३. आपोआप जुळणीवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. सारखी नावं बघून जोड्या सुचवायची सोय अनेक साधनांत असते. त्यातून वेळ वाचतो. पण 'तारीख' नावाचा रकाना एका ठिकाणी अर्जाची तारीख असतो आणि दुसऱ्या ठिकाणी मंजुरीची. सुचवलेली प्रत्येक जोडी माणसाने बघावी लागते.

४. दोन्ही बाजूंनी उणिवा शोधतात. स्रोतातले कुठले रकाने कुठेच जात नाहीत? लक्ष्यातले कुठले रकाने कुठूनच भरत नाहीत? या दोन याद्या रिकाम्या असाव्यात, नाहीतर प्रत्येक नावापुढे कारण असावं.

५. बदलाआधी परिणाम बघतात. एखादा कॉलम काढायचा असेल तर त्यावर कोणकोणते रिपोर्ट, फॉर्म आणि सिस्टीम अवलंबून आहेत हे मॉडेलिंग सॉफ्टवेअर दाखवू शकतं. अर्थात, त्यात जोडण्या नोंदवलेल्या असतील तरच.

६. अनाथ जोडण्या काढून टाकतात. रकाना कधीच बंद झालाय, पण त्याची जोडणी अजून आहे, असे प्रकार जुन्या मॉडेलमध्ये सर्रास सापडतात.

७. नेल्यानंतर मोजतात. इकडे १०,००० नोंदी होत्या, तिकडे किती पोचल्या? रकमेची बेरीज जुळते का? आणि थोड्या नोंदी हाताने उघडून बघतात, कारण बेरीज जुळूनही नावं उलटसुलट झालेली असू शकतात.

लहान संस्थांमध्ये हे सगळं एक्सेलमध्ये चालतं आणि पंधरा-वीस रकाने असतील तर त्यात काही वावगं नाही. अडचण येते ती 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल नवीन' अशा तीन फाइली झाल्यावर. खरी कुठली हे कुणालाच माहीत नसतं. मोठ्या संस्था महागडं सॉफ्टवेअर घेतात ते मुख्यतः या एका कारणासाठी, जोडणीची एकच अधिकृत प्रत असावी म्हणून.

बँकांसाठी तर हा नियमाचा भाग आहे. २००८ च्या आर्थिक संकटात अनेक मोठ्या बँकांना आपलं किती कर्ज कुठे अडकलंय हे पटकन सांगता आलं नव्हतं. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये बासेल समितीने जोखमीची माहिती कशी गोळा करावी याची तत्त्वं जाहीर केली. वरच्या रिपोर्टमधला आकडा खालच्या कुठल्या नोंदींतून आला हे बँकेला दाखवता यावं, ही अपेक्षा त्यामागे आहे. आकड्याच्या या प्रवासाला 'डेटा लिनिएज' म्हणतात, सोप्या भाषेत माहितीची वंशावळ. मॅपिंग नीट ठेवलं तरच ती काढता येते.

तुमच्या कामाचं काय?

- सरकारी योजनेचे पैसे कुठे येणार हे बघायचं असेल, तर 'माय आधार' पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' तपासा. तिथे बँकेचं नाव दिसतं. ते चुकीचं असेल तर जिथे पैसे हवेत त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा अर्ज द्या. 'लिंक' हा शब्द वापरू नका, 'डीबीटीसाठी सीडिंग' असं स्पष्ट सांगा.
- बँक किंवा शाखा बदलली तर नवा आयएफएससी पगार, पेन्शन, विमा आणि गुंतवणूक अशा सगळ्या ठिकाणी कळवा.
- २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला हातात आला की नावाचे चारही भाग आणि इंग्रजी स्पेलिंग नीट बघा. पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये आईचं नाव कुठल्या रकान्यात लिहिताय ते एकसारखं ठेवा आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा.
- ऑफिसमध्ये एका सिस्टीममधून दुसरीत डेटा न्यायचं काम आलं तर आधी एक तक्ता करा: कुठून, कुठे, कसं, का आणि कुणी ठरवलं. पाच कॉलमचा हा तक्ता नंतरची बरीच भांडणं वाचवतो.